सोलर बसतंय, पण छप्पर कोण बघतंय?

प्रति,
मा. आयुक्त,
भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, भिवंडी

विषय : सौर पॅनेलच्या फ्रेमची छपरांवर होणारी मोडतोड आणि खालच्या छपरांची तपासणी

महोदय,



हे पत्र एका भोकाबद्दल आहे. आठ-दहा मिलिमीटरचं, सोलर पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ड्रिलने पाडलेलं भोक. माझं भिवंडीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, शटर, पत्र्याच्या शेड अशी कामं करता करता सोलरच्या स्ट्रक्चरची कामंही येऊ लागली. त्यात एक मागणी इतक्या वेळा ऐकतो की हल्ली ती कानावर आली की आधी चहा सांगतो आणि गिऱ्हाइकाला बसवून घेतो. "स्ट्रक्चर कशाला बदलतोस, फ्रेमलाच दोन होल जास्तीचे मार ना." कुणाचं पॅनेल रेलच्या बाहेर दोन इंच जातं, त्याला फ्रेमचा कोपरा ग्राइंडरने उडवून हवा असतो. कुणाला चोरीची धास्ती, तो म्हणतो फ्रेमला लोखंडी अँगल वेल्ड करून टाक. ॲल्युमिनियमला लोखंड वेल्ड होत नाही, एवढं सांगण्यातच अर्धा तास जातो.

मी नाही म्हटलं तर तो उठून दुसरीकडे जातो आणि दुसरीकडे ते काम होतं. म्हणून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यापेक्षा आपल्याला लिहितोय.

मागणारा माणूस मूर्ख नसतो, हे आधी सांगतो. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू केली आणि तिचा मुख्य कार्यक्रम आपल्या भिवंडीतच झाला. स्मृती इराणी तेव्हा त्या खात्याच्या मंत्री होत्या. त्या योजनेत यंत्रमागधारकांसाठी सौरऊर्जेचा वेगळा भाग होता. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के मदत. त्या सुमाराला बाजारात चालणारं पॅनेल साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३२०-३३० वॅटचं असायचं. आज दुकानात जाऊन पॅनेल मागा, हातात येतं ५४०-५५० वॅटचं. लांबी २२७८ मिलिमीटर, रुंदी ११३४, वजन २८ किलोच्या आसपास. दोन्हीकडे काच असेल तर ३२ किलोपर्यंत. जुन्या रांगेतलं एखादं पॅनेल फुटलं की त्याच मापाचं मिळत नाही. नवीन आणलं की फ्रेमची भोकं आणि जुन्या रेलवरचे बोल्ट जुळत नाहीत. मालक दोन्हीकडे बघतो आणि त्याला सगळ्यात स्वस्त वस्तू दिसते ती ड्रिल मशीन.

(जाता जाता : जुन्या माळेत असं एक नवं पॅनेल घातल्याने फायदाही होत नाही. जुनं पॅनेल नऊ अँपिअरच्या आसपास देतं, नवं तेराच्या. माळेत करंट सगळ्यात कमी देणाऱ्याच्या हिशेबाने वाहतो. साडेपाचशे वॅटचे पैसे मोजून तुम्ही त्याला जुन्याच्या चालीने चालायला लावता. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.)

दुसरं कारण पत्र्याचं. पत्र्याच्या छपरावर पॅनेल अगदी खाली, चार-सहा इंचांवर बसवतात. फ्रेमच्या खालच्या भोकात बोल्ट घातला तरी खालून नट धरायला हात जात नाही. मग कारागीर बाजूने, फ्रेमच्या उभ्या भिंतीतून सेल्फ स्क्रू मारतो. मिनिटाचं काम. गिऱ्हाईकही खूश, कारण खालून बघणाऱ्याला सगळं सरळ रांगेत दिसतं.

आता ही फ्रेम आतून कशी असते ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. फ्रेमचा तुकडा कापून समोरून बघितला तर वर एक खाच दिसते. काच आणि सेल यांचा थर त्या खाचेत सिलिकॉन लावून बसवलेला असतो. खाचेच्या खाली एक पोकळ चौकोन आणि सगळ्यात खाली आत वळलेली ओठासारखी पट्टी. कारखान्याने दिलेली भोकं फक्त त्या खालच्या पट्टीत असतात, ९ बाय १४ मिलिमीटरची लांबट, ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी. जवळच चार मिलिमीटरची बारीक भोकं अर्थिंगची, त्यांच्याशेजारी अर्थिंगची खूण कोरलेली. कोपऱ्यांपाशी पाणी निघून जायला फटी. एवढंच. बाकी जागा भरीव दिसली तरी तिथे हात लावायची सोय ठेवलेली नाही.

बाजूच्या भिंतीत ड्रिल घातलं आणि बिट जरा वर गेलं, की ते थेट त्या खाचेत शिरतं आणि काचेच्या काठाला लागतं. ही काच टफन केलेली असते. मधोमध तिच्यावर मूठभर गारा पडल्या तरी ती ऐकत नाही, पण काठावर बारीकसा टवका उडाला तर अख्खी काच साखरेसारखी चुरा होते. कधी जागेवर, कधी पुढच्या कडक उन्हाच्या दुपारी, आणि मग कुणाच्या लक्षात येत नाही की हे कशाने झालं. खालच्या पट्टीत भोक पाडलं तर इतका तमाशा होत नाही. म्हणूनच ते जास्त वाईट. काही दिसतच नाही. फ्रेमवरचा ॲनोडाइझिंगचा थर जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉनचा. भोकाच्या कडेला तो गेला की उघडं ॲल्युमिनियम. त्यात साध्या लोखंडी स्क्रूचं टोक. वर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि काल्हेर-कशेळीकडून येणारी खाडीची खारट हवा. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजत जातं. भोकाभोवती पांढरी पूड धरते. मी उतरवलेल्या एका फ्रेममध्ये स्क्रू बोटाने फिरत होता, आणि भोकाचा आकार गोल राहिलाच नव्हता, कडेला ओढल्यासारखा लांब झाला होता. पॅनेल रोज थोडं थोडं हलत होतं, हे त्यावरून कळतं. पॅनेल वीज मात्र व्यवस्थित देत होतं, त्यामुळे ॲपवर हिरवा दिवा चालू होता आणि मालक निश्चिंत होता.

बहुतेक पॅनेल कंपन्यांच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं असतं : फ्रेमला नवीन भोक पाडू नका, फ्रेम कापू नका, तसं केल्यास वॉरंटी संपली. पंचवीस वर्षांची वॉरंटी दाखवून विकलेला माल पहिल्याच दिवशी वॉरंटीबाहेर जातो, आणि तो तसा गेला हे गिऱ्हाइकाला फार नंतर कळतं. पुस्तिका इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि ज्या खोक्यात ती येते ते खोकं सगळ्यात आधी भंगारात जातं.

आता वारा. यात मी अंदाजाने बोलत नाही, गणित मांडतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. भिवंडी तिथून लांब नाही. त्याच मानकातलं सूत्र : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. वर सांगितलेल्या पॅनेलचं क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर. म्हणजे एका पॅनेलवर तीनशे किलोचा जोर, आणि छपराच्या कडेला, कोपऱ्यावर तो दुपटीलाही जातो. पॅनेलचं स्वतःचं वजन २८ किलो. वारा त्याला दाबतो तेव्हा भीती नाही. तो खालून शिरतो आणि उचलतो तेव्हा सगळा भार त्या चार भोकांवर येतो. खाडीतल्या होडीचं शीड वाऱ्याने भरतं तसं ते पॅनेल भरतं, फरक इतकाच की शीड उतरवता येतं. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. तेवढ्यालाही हेच सूत्र लावलं तर एका पॅनेलमागे दीडशे किलोच्या वर जातं.

कंपनी पॅनेल तपासते तेव्हा मागच्या बाजूने सहसा २४०० पास्कलचा दाब देऊन बघते. पण ती चाचणी कंपनीने ठरवलेल्या जागी बोल्ट किंवा क्लॅम्प लावून होते. आपण चार इंच इकडे नवं भोक पाडलं की ती चाचणी आपल्या पॅनेलला लागू राहत नाही. १३ मे २०२४ च्या दुपारी घाटकोपरच्या छेडानगरात वाऱ्याने जाहिरातीचा अजस्र फलक पेट्रोल पंपावर आडवा झाला आणि सतरा माणसं गेली. तो फलक होता, त्याचं कारणही वेगळं, पण मोठा सपाट पत्रा आणि कमकुवत बुड यांचा हिशेब सगळीकडे सारखाच लागतो. आपल्याकडे पॅनेल उडालं तर ते खालच्या गल्लीत पडणार, जिथे टेम्पोतून बीम आणि ताग्यांची चढउतार दिवसभर चालू असते.

मग करायचं काय? उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. भोक फ्रेमला पाडायचं नाही, पट्टीला पाडायचं. ॲल्युमिनियमची ४० बाय ५ मिलिमीटरची पट्टी किंवा गॅल्व्हनाइज्ड सी-चॅनेलचा तुकडा घ्यायचा. तो फ्रेमच्या मूळ भोकांना स्टेनलेस बोल्टने, दोन्हीकडे वॉशर घालून आवळायचा. मग जुन्या रेलचं माप काय असेल ते असो, त्या मापाची भोकं त्या पट्टीत पाडायची. पट्टी खराब झाली तर पट्टी बदलते, पॅनेलला ओरखडा नाही. चॅनेल लोखंडी असेल तर मध्ये रबराचा नाहीतर नायलॉनचा तुकडा, म्हणजे दोन धातू टेकत नाहीत. खालून हात जात नसेल तर बोल्ट सोडा आणि वरून येणारे क्लॅम्प वापरा, दोन पॅनेलच्या मध्ये मिड क्लॅम्प, शेवटी एंड क्लॅम्प. तेही वाटेल तिथे नाही. २२७८ मिलिमीटरच्या पॅनेलला मूळ भोकांच्या दोन जोड्या बहुधा १४०० मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे दोन्ही टोकांपासून साधारण ४४० मिलिमीटर आत. क्लॅम्प त्याच्या आसपास यायला हवा. किती मागे-पुढे चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतं. टोकाला लावला तर पॅनेल मध्ये झोळीसारखं लवतं आणि आतल्या सेलना केसाएवढ्या चिरा जातात. आवळायचं किती, हेही दिलेलं असतं, सर्वसाधारणपणे १६ ते २० न्यूटन-मीटर. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. आमच्या लाइनीत टॉर्क रेंच असलेला माणूस म्हणजे मोटारच्या गॅरेजमधून पळून आलेला, असंच समजतात.

खरोखरच फ्रेम बदलल्याशिवाय गत्यंतर नाही असंही क्वचित होतं. तेव्हा कंपनीला मेल करून मापासकट परवानगी मागायची आणि ती लेखी ठेवायची. मी एकदा मागितली होती. उत्तर यायला वेळ लागला, आणि ते "नाही" असं आलं. पण मग पट्टी लावली आणि काम झालं.

हे सगळं झालं पॅनेलचं. महोदय, आपल्या अखत्यारीत येतं ते याच्या खालचं, छप्पर.

नारपोली, कामतघर, पद्मानगर, शांतीनगर, कणेरी या भागांत वरून पाहिलं तर करड्या सिमेंटच्या पत्र्यांचा समुद्र दिसतो. त्यातले कितीतरी पत्रे ॲसबेस्टॉसचे, पंचवीस-तीस वर्षांचे. वरून काळे पडलेले, शेवाळलेले, हाताने टिचकी मारली तर खणखणायच्या ऐवजी बद्द वाजणारे. या पत्र्यावर पॅनेल बसवणं म्हणजे पत्र्याला भोक पाडून खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या तुळईला, स्ट्रक्चरचे पाय बांधणं. भोक पाडताना उडणारी ॲसबेस्टॉसची धूळ छातीत जाते ते वेगळंच. काम करणारी मुलं तोंडाला रुमालही बांधत नाहीत. पत्रा तडकला की गळती, गळती म्हणजे खाली मागावरचं कापड डागाळणार, मग मालक डांबराचा लपका मारतो. पण खरी भीती माणसाची. सिमेंटच्या पत्र्यावर चालताना पाय कुठे टाकायचा हे जाणत्या माणसाला कळतं. जे-बोल्टची टोपणं ज्या ओळीत दिसतात त्या ओळीच्या खाली पर्लिन असतो, पाय त्या ओळीवरच. मधल्या भागावर टाकलेला पाय म्हणजे थेट खाली. सोलरच्या कामाला येणारी मुलं बऱ्याचदा आरसीसीच्या गच्चीवर शिकलेली असतात. गच्चीवर पाय कुठेही टाकला तरी चालतं. तीच मुलं नारपोलीच्या पत्र्यावर चढतात, हातात अठ्ठावीस किलोची काच, कमरेला दोरी नाही. पत्र्यावर आडव्या फळ्या टाका, एवढं साधं काम. पण फळ्या आणायला टेम्पो लागतो, आणि टेम्पोचं भाडं अंदाजपत्रकात कुणी धरलेलं नसतं.

शिवाय आपल्याकडे खाली माग चालतात. हे भिवंडीबाहेर स्ट्रक्चर बनवणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. एका शेडमध्ये वीस-पंचवीस माग एकदम धरले असताना वर पर्लिनला हात लावून बघा. तळहाताला मुंग्या येतात. ती थरथर बारा-बारा तासांच्या दोन्ही पाळ्यांत चालू. अशा थरथरीत साधा नट आपोआप सैल होतो, स्प्रिंग वॉशर घातला तरी. इथे नायलॉनची चकती असलेला नट लागतो, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास पाऊस सरला की प्रत्येक नट पुन्हा आवळून बघायला माणूस लागतो. माझ्या मते भिवंडीत सोलरच्या कुठल्याही करारात ही एक ओळ असायलाच हवी. आणि मागाखाली, पर्लिनवर, पत्र्याच्या आतल्या बाजूला साचलेल्या तंतूंचा भुसा? त्याला ठिणगी पुरते. पॅनेलची एक माळ अठरा पॅनेलची असेल तर तिच्या दोन टोकांमध्ये नऊशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं. खाली मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत माळ जिवंतच. भोक पाडताना स्क्रूचं टोक आतल्या सेलच्या पट्टीला लागलं, किंवा सैल पॅनेलखाली केबल घासून तिचं कव्हर गेलं, तर फ्रेम आणि पत्रा दोन्हींत करंट उतरू शकतो. डीसीची ठिणगी एकदा पेटली की लवकर विझतही नाही. आपल्या अग्निशमन दलाच्या जवानाला अशा छपरावर चढण्याआधी वर सोलर आहे हे कळतं का? प्रवेशाशी एक पाटी असली तरी पुरे.

कागदपत्रांत या सगळ्याला जागा कुठे आहे, ते मी शोधून पाहिलं. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून आहे. घरगुती सोलरसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये मिळतात. बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असंही त्यात आहे. २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरजच ठेवली नाही. चांगलंच झालं, लोकांचे हेलपाटे वाचले. पण ती तपासणी होती ट्रान्स्फॉर्मरची आणि तारांची. छप्पर हा भार पेलेल का, हे त्या अर्जाच्या वाटेवर कुणीच विचारत नाही. मीटर बसवणारा मीटर बघतो, बँक कोटेशन बघते, बसवणारा किती पॅनेल मावतील ते बघतो. पॅनेल आणि रेल मिळून चौरस मीटरला बारा-पंधरा किलो. नव्या गोदामांच्या शेडना ते जड नाही. मानकोली-दापोडे-अंजूर पट्ट्यातल्या मोठ्या शेड बांधतानाच इंजिनीअर तेवढं गणित धरू शकतो. पण विटांच्या भिंतीवर चार अँगल टाकून उभ्या केलेल्या जुन्या कारखान्याचं गणित कधी मांडलंच गेलेलं नाही. त्यात तिरपं स्ट्रक्चर उभारून पॅनेल वर उचललं की वारा अँगलना उपटायला बघणार.

आणि इमारती कशा बसतात हे या शहराला सांगायला नको. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर बसली. चाळीसच्या आसपास जीव गेले. २९ एप्रिल २०२३ ला वळ गावात गोदामाची इमारत कोसळली. सोलरचा त्या दोन्हींशी काही संबंध नव्हता. पण त्याच वयाच्या, त्याच बांधणीच्या इमारतींच्या गच्च्यांवर आज सिमेंटचे ठोकळे ठेवून पॅनेल उभी राहतायत. गच्चीवर भोक पाडायचं नाही म्हणून ठोकळे, हा विचार बरोबर आहे. ठोकळ्यांचं वजन कुणी मोजलंय का, हा प्रश्न राहतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. त्या अहवालात छपरावरच्या सोलरचं वजन आणि त्याची बांधणी हा मुद्दा आला तर नवा कायदा लागणार नाही, नवं खातं लागणार नाही. सिमेंटच्या पत्र्यावर सोलर बसवायचा असेल तर आधी पत्रा काढून जीआयचा पत्रा घाला आणि पर्लिन तपासून घ्या, असं जाहीर सूचनेत लिहिता येईल, मराठीत, उर्दूत आणि पद्मानगरसाठी तेलुगूत. महापालिकेच्या स्वतःच्या शाळांवर, कार्यालयांवर सोलरची निविदा निघेल तेव्हा तिच्यात "फ्रेमला नवीन भोक, काप किंवा वेल्डिंग नाही" ही एक ओळ घाला. ठेकेदार ज्या दिवशी आपल्याकडे ती ओळ पाळायला शिकेल त्या दिवशी तो खासगी कामातही पाळेल, कारण त्याची मुलं तीच असतात. मुलांना शिकवण्यासाठी केंद्राचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम आहेच. त्यात पत्र्याच्या छपरावर चालायचं कसं याचा अर्धा दिवस इथल्या आयटीआयमध्ये जोडता आला तर फारच बरं.

यात माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही. पट्ट्या, रेल, क्लॅम्प मीच बनवतो आणि विकतो. आपल्याला शंका असेल तर दुसऱ्या कुणाकडून बनवून घ्या, माप तेच राहील. आपल्या बांधकाम विभागातल्या अभियंत्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल तर उतरवलेल्या दोन फ्रेम वर्कशॉपमध्ये ठेवलेल्या आहेत. एक बाजूने भोक पाडलेली, दुसरी खालून. कधीही यावं.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. या वर्षीच्या यादीत एक रकाना वाढवा : छपरावर सोलर आहे का, असल्यास कुणी बसवलं. प्रभाग कार्यालयांतली माणसं यादीसाठी त्या इमारतींत जातातच. जिना चढून एकदा वर डोकवायचं. जिथे उत्तर "आहे" असेल तिथे बसवणाऱ्याला मे महिन्याच्या आत बोलावून सगळे बोल्ट दाखवायला सांगा. आणि यादीची एक प्रत एमएमआरडीएलाही पाठवा, कारण काल्हेर, वळ, पूर्णा, राहनाळ इथली गोदामं आपल्या हद्दीत येत नाहीत, पण त्यांच्या छपरांवरही तीच पॅनेल आहेत आणि ती बसवणारी माणसंही तीच.

कळावे,
आपला नम्र,
भिवंडीतला एक फॅब्रिकेटर